खुंटीवरच्या टोप्या

सोमवार, ३ डिसेंबर १९७३

झेफेरिनोला आज काम मिळालं नाही. ऑलिव्ह झाडावर पिकून काळे पडलेत, माणसं मिळत नाहीत म्हणून मुकादम बर्नाबे गावभर बोंब मारतो — आणि माझा पोरगा धडधाकट हातपाय घेऊन घरी परत! कारण काय? टोपी.

सोमवारी सकाळी गडी चौकात उभे राहतात. मालकांची जीप दिसली की टोप्या खाली. मग मुकादम काठीनं खांद्याला शिवत जातो — तू, तू, तू. ज्याला काठी लागली त्याला आठवडाभर काम. माझ्या बापाच्या आधीपासून असंच चाललंय. आज सगळ्यांनी टोप्या काढल्या आणि आमच्या चिरंजीवांनी टोपी डोक्यावर ठेवून मालकांना सकाळचा नमस्कार केला. वर हसला!

घरी आल्यावर म्हटलं, डोकं फिरलं का तुझं?

"अगं, विसरलो. इतकी वर्षं फ्रान्सच्या कारखान्यात कुणासमोर टोपी काढली नाही. हाताची सवयच गेली. तिथं साहेबच आधी आम्हाला नमस्कार करायचा."

"मग तिथंच राहायचंस!"

"पेट्रोल महागलं, गाड्या खपेनात. काढून टाकलं आम्हाला."

म्हणजे तिथला साहेब नमस्कार करून काढतो, इथला न करता काढतो. एवढाच फरक. यासाठी माणूस डोंगर ओलांडून चोरून फ्रान्सला गेला!

गुरुवार, ६ डिसेंबर

लाकडं ओली. पावाची भट्टी नुसती धुमसत राहिली, डोळ्यांची वाट लागली, गावच्या बायकांची भाजायला आणलेली कणीक खोळंबली. सून मदतीला यायची ती आली नाही. इदालिनाबाई कॅफेत टीव्ही बघत बसल्या होत्या. कॅफेत! बापयांच्या शेजारी खुर्ची टाकून! मी बोलले तर म्हणते, "सासूबाई, खुर्च्या रिकाम्याच होत्या. निम्मे बापये फ्रान्सला, निम्मे आफ्रिकेच्या लढाईत. मग बसायचं कुणी?"

उत्तर तयार असतं हल्ली सगळ्यांचं.

सोमवार, १० डिसेंबर

आजही काम नाही. या खेपेला विसरला नव्हता, मी खोदून विचारलं. म्हणाला, "हात वर नेला होता गं. मध्येच थांबला."

"हात थांबला? हात म्हणजे काय खेचर आहे?"

"मालक काय म्हणाले माहीत आहे? मला नाही, बर्नाबेला म्हणाले. याला थंडी वाजते वाटतं, म्हणाले. आणि जीप वळवली."

मी भट्टीत पाव सारत होते. एका बाजूला भट्टी तापलेली, दुसऱ्या बाजूला हा दारात उभा, सगळी ऊब बाहेर घालवत. मला असला घोळ सहन होत नाही. एक कापडाचा तुकडा, एक हात वर, एक हात खाली, संपलं. नवरा माझा आयुष्यभर काढत होता, त्याचं डोकं काही झिजलं नाही. फावडं आपटून ओरडले — "काढवत नसेल तर घालूच नकोस!"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग टोपी काढली आणि मी एप्रन टांगते त्या खुंटीवर अडकवली. म्हटलं बरं झालं, एक कटकट मिटली.

सोमवार, १७ डिसेंबर

काम मिळालं! बोडकाच गेला होता चौकात. जीप आली, सगळ्यांच्या टोप्या खाली आल्या, हा आधीपासूनच उघडा. बर्नाबेला वाटलं, आला वठणीवर. खांद्याला काठी लावून म्हणाला, "काय फ्रेंचमन, उतरली का मस्ती?" झेफेरिनो म्हणाला, "डोकं हलकं झालं बघा, मुकादम."

मला बरं वाटलं. घरात पगार येईल. इदालिनाचं फ्रिजचं वेड थोडं शमेल.

संध्याकाळी जेरेमियाशकाका पाव न्यायला आला. गावातला सगळ्यात म्हातारा गडी, अजून चौकात उभा राहतो. हसून हसून खोकला आला त्याला. "फेलिज्मिना, कळलं का तुला? तुझ्या पोरानं न वाकता काम मिळवलं. टोपी न घालता मालकाला टोपी घातली!"

मला नव्हतं कळलं. मला आपलं वाटत होतं, पोरगं शहाणं झालं.

सोमवार, २४ डिसेंबर

नाताळच्या आदल्या दिवशीसुद्धा बर्नाबेनं काठी फिरवलीच. माझ्या खुंटीवर आता आणखी टोप्या आल्यात. दोघं भाऊ, मागच्या गल्लीतले. चौकाची वाट भट्टीवरूनच जाते, म्हणून जाता जाता अडकवून गेले. "मावशी, राहू द्या जरा. येताना नेतो."

माझं एप्रन कुठं टांगू मी?

सोमवार, ३१ डिसेंबर

आज जेरेमियाशकाकानं टोपी आणून टांगली. मी म्हटलं, "काका, तुम्ही तरी. तुम्हाला सर्दी होईल." त्याचं डोकं मी जन्मात पहिल्यांदा उजेडात पाहिलं. साफ गुळगुळीत! त्याची बायको मागून ओरडली, "झाका ते! मी पण दिव्यातच बघितलंय अजून!" भट्टीवरच्या सगळ्या बायका हसायला लागल्या.

तो नाही हसला. म्हणाला, "फेलिज्मिना, सप्टेंबरात माझा नातू पेटीत घालून आणला आफ्रिकेतून, गिनीच्या लढाईवरून. तू होतीस कबरस्तानाच्या वाटेवर."

होते. सगळं गाव होतं.

"पेटी चौकातून गेली. मालक क्लबाच्या पायरीवर उभे होते. हॅट डोक्यावर. पेपर वाचत होते गं."

मी त्याच्या हातात पाव दिला. मीही बघितलं होतं ते. सगळ्यांनी बघितलं होतं. बघितलं आणि घरी गेलो.

सोमवार, ७ जानेवारी १९७४

आज मी स्वतः गेले चौकात. पाव भट्टीत होते तरी गेले. खुंटी पुरेना म्हणून भिंतीत आणखी खिळे ठोकले होते झेफेरिनोनं, त्यावरही जागा उरली नव्हती, मला राहवेना.

सगळे बोडके! एकाच्याही डोक्यावर टोपी नाही. आणि काय ध्यान दिसत होते म्हणून सांगू — चेहरे उन्हानं रापलेले, करपलेल्या पावासारखे आणि भुवयांच्या वर कपाळं कच्च्या कणकेसारखी पांढरीफटक. जिथं टोपी बसते तिथं रेघ. जन्मभर झाकलेली कपाळं. माझ्या नवऱ्याचंही असंच होतं, शेवटी पेटीत दिसलं होतं.

जीप आली. मालक उतरले. त्यांना इंजिनियरसाहेब म्हणतात, काय बांधलं ते कुणाला ठाऊक नाही. उतरून उभे राहिले. नेहमी ते उतरले की चौक हलतो, टोप्या खाली येतात, मग ते मान हलवतात. आज काही हललंच नाही. जिना संपल्यावरही पाय आणखी एक पायरी शोधतो, तसे झाले ते. मान हलवायला गेले आणि मध्येच राहिले.

बर्नाबेला आधी कळलं नाही. मग कळलं. "टोप्या कुठायत रे?"

"घरी, मुकादम."

"का?"

जेरेमियाशकाका म्हणाला, "उकडतंय."

गवतावर दव गोठून पांढरं झालेलं! कुणीतरी फिसकन हसलं.

बर्नाबे पेटला. "पुढच्या सोमवारी सगळ्यांनी टोपी घालून यायचं! सांगून ठेवतो!"

झेफेरिनोनं शांतपणे विचारलं, "घालून काय करायचं, मुकादम?"

"काढायच्या!"

झालं. अख्खा चौक हसला. म्हातारे, तरणे, कॅफेच्या दारातल्या बायका, सगळे. बर्नाबेला आपण काय बोललो ते तोंडातून निघाल्यावर ऐकू आलं. मालक जीपमध्ये बसले. दार जोरात लावलं.

मी नाही हसले. भट्टीतले पाव करपले असणार हे मला माहीत होतं. करपलेच. ज्या बायकांचे करपले त्यांना भाजणावळीचे माझ्या वाट्याचे पाव दिले, नाहीतर वर्षभर ऐकावं लागलं असतं.

सोमवार, १४ जानेवारी

परत बोडके. सगळ्यांना काम मिळालं. बर्नाबे घेणार नाही तर करणार काय? ऑलिव्ह गळून पडतायत आणि दुसरी माणसं आणणार कुठून? जी होती ती फ्रान्सच्या कारखान्यात नाहीतर गिनीच्या चिखलात.

इदालिना काल चर्चमध्ये मालकीणबाई आल्यावर उठून उभी राहिली नाही. मी कोपर मारलं. म्हणाली, "पाय दुखतात." पाद्री तेवढ्यापुरते खोकले.

शुक्रवार, १८ जानेवारी

त्याला घेऊन गेले.

सकाळी हवालदार वालादाश दोन शिपाई घेऊन भट्टीवर आला. "ए म्हातारे, या टोप्या कुणाच्या?"

"डोक्यांच्या."

"नीट बोल. इथं का टांगल्यात?"

"ओल्या झाल्या. वाळतायत. पाऊस तुमच्या चौकीवर पडत नाही का?"

सगळ्या टोप्या पोत्यात भरल्या. पुरावा म्हणाला. पुरावा! जेरेमियाशच्या टोपीला उंदरानं कुरतडलेलं भोक आहे. मोठा पुरावा मिळाला सरकारला.

दुपारी काळी गाडी आली. शहरातली, गुप्त पोलिसांची साध्या कपड्यातली माणसं, बूट चकचकीत. झेफेरिनोला ऑलिव्हच्या शिडीवरून उतरवलं. मी पोचेपर्यंत गाडी निघाली होती. मागच्या काचेतून त्याचं पांढरं कपाळ दिसलं. त्यावरून ओळखला.

इदालिना रडत होती. मी म्हटलं, रडून काय होणार, पीठ मळ. मळलं तिनं. फार मऊ मळलं.

मंगळवार, २२ जानेवारी

काल वालादाशला विचारलं, काय हवंय त्यांना? म्हणाला, नाव. ही कल्पना कुणाची, ते नाव. असं काही गडी माणसाला सुचत नसतं म्हणे. लिस्बनहून कुणी आलं असणार, कॉलेजातला, नाहीतर कम्युनिस्ट, नाहीतर पॅरिसमध्ये कुणी पुस्तक दिलं असणार. नाव सांगितलं की सोडतील.

रात्रभर छताकडे बघत पडले होते. कल्पना कुणाची? ती तर माझी! कल्पना कसली, शिवीच ती. भट्टीची ऊब बाहेर जात होती म्हणून ओरडले होते मी. पण तोंडून निघाली ती माझ्याच.

मग आज दुपारी चौकीवर गेले. सणाची शाल घेऊन. वालादाशपुढे उभी राहिले आणि सांगितलं, "लिहून घे. मी म्हटलं त्याला, काढवत नसेल तर घालूच नकोस. मीच. फेलिज्मिना, भट्टीवाली. सोडा त्याला, मला न्या."

त्यानं शिपायाकडे बघितलं. मग दोघंही इतके हसले की शिपायानं टेबल धरलं.

"जा घरी, म्हातारे. पोरासाठी जीव तुटतो तुझा, कळतं मला. पण हे असलं मॉस्कोत शिजतं. तुझ्या भट्टीत नाही."

"मॉस्को कुठंय ते मला माहीत नाही!"

"तेच म्हणतोय मी."

लिहून घेतलं नाही. खरं सांगायला गेले, तर खरं घ्यायला माणूस तयार नाही! अशा सरकारचं पुढं काय व्हायचं? काय व्हायचं ते होवो. माझा पोरगा आत आहे.

रविवार, १७ फेब्रुवारी

लिस्बनला जाऊन आले. पहिल्यांदाच. शहर मोठं आहे, पाव वाईट.

जेलमध्ये मध्ये काच आणि शेजारी जेलर, कान टवकारून. झेफेरिनो वाळलाय. डाव्या डोळ्याखाली पिवळं पडलंय, म्हणजे आधी निळं असणार. मला म्हणतो, "भट्टी कशी आहे?"

"भट्टीला काय धाड भरलीय! तू सांगून टाक ना रे त्यांना. माझं नाव सांग! माझं काय करणार आहेत ते?"

"केसबद्दल बोलायचं नाही!" जेलर खेकसला.

झेफेरिनोनं तोंड उघडलं, "आई, मी तर —" जेलरनं काचेवर मूठ आपटली. मग हा नुसता हसला. तेच हसणं, मालकांना नमस्कार करताना होतं ते. मला इतका राग आला! आईला वाचवतोय मोठा. कुणी सांगितलं होतं? नाव सांगून सुटायचं सोडून हा मार खातोय, आणि तेही माझ्यासाठी.

येताना बसमध्ये भूक लागली तरी खाल्लं नाही.

शनिवार, ९ मार्च

ऑलिव्ह संपले. चौकात गर्दी कमी. पण जे येतात ते बोडकेच. टोप्या पोत्यात आहेत ना चौकीत! नवीन कुणी घेत नाही. दुकानदार रडतोय. जेरेमियाशकाकाचं टक्कल उन्हानं सोलून निघालं, बायको लोणी चोळते आणि शिव्या देते. पण टोपी आणून देत नाही. मी विचारलं, का गं? म्हणाली, "आता सवय झाली मला त्या डोक्याची."

पाद्री म्हणतात, हे सगळं बाहेरून आलं. रेडिओतून, फ्रान्समधून, पुस्तकांतून. असेल. रेडिओ आला, फ्रान्सहून पोरं आली, बायका कॅफेत बसायला लागल्या, गिनीहून पेट्या आल्या. एकेकटं बघितलं तर कशानंच काही झालं नसतं. पिठात आंबवण घालून ठेवतात, तेव्हा कुठल्या घटकेला फुगलं ते कुणी सांगावं? झाकण उचललं की फुगलेलं असतं.

पण हे मला काय करायचंय? मला माझा पोरगा हवाय.

सोमवार, १ एप्रिल

काही नाही. पत्राला उत्तर नाही. खिळे काढून टाकावेत म्हटलं भिंतीतले, नुसते रिकामे दिसतात. इदालिना म्हणाली, राहू द्या.

गुरुवार, २५ एप्रिल

सकाळी कणीक मळतानाच इदालिना धावत आली. कॅफेतला रेडिओ बोलतोय — लिस्बनमध्ये सैन्य रस्त्यावर. आपलंच सैन्य! सरकारवर उलटलंय. मध्येच लष्करी गाणी, मध्येच एक आवाज सांगतो, नागरिकांनी घरात बसावं.

बायका घरात नाही बसल्या. कणकेच्या परड्या डोक्यावर घेऊन एकेक आली. क्रांती असली म्हणून फुगलेल्या पिठानं थांबायचं का?

कुणी म्हणालं, खोटं असेल. कुणी म्हणालं, आता आणखी वाईट येतील. जेरेमियाशकाका चौकात जाऊन एकटाच उभा राहिला. गुरुवारी! मी विचारलं, काम कुठंय आज? म्हणाला, "कामाला नाही गं. नुसतं बघतोय, कोण येतं ते."

कुणी आलं नाही. मालकांच्या घराच्या खिडक्या बंद. जीप आत.

शनिवार, २७ एप्रिल

रेडिओवर सांगितलं, राजकीय कैद्यांना सोडलं. नावं नाही सांगितली. इदालिना दोनदा बसथांब्यावर जाऊन आली.

दुपारी हवालदार वालादाश आला. एकटा. पाठीवर पोतं. दारातच थांबला, आणि त्याची ती सरकारी टोपी काढून काखेत धरली. मी बघतच राहिले. "मावशी," म्हणाला, "या तुमच्याकडच्या टोप्या. मोजून घ्या तुम्ही."

मावशी! तुम्ही!

"टोपी घाल," म्हटलं, "भट्टीची राख पडेल डोक्यात." घालेना. काही बोलायचं होतं त्याला. शेवटी म्हणाला, "वरून हुकूम असतो हो."

"माझ्याकडे वरून फक्त धूर जातो," म्हटलं. गेला.

टोप्या खिळ्यांना लावून ठेवल्या. संध्याकाळपर्यंत न्यायला कुणी आलं नाही. एप्रनच्या खुंटीवर झेफेरिनोची.

रविवार, २८ एप्रिल

आला. दुपारच्या बसनं. अर्धा पाव उभ्यानंच खाल्ला, तोवर मी काही विचारलं नाही. मग विचारलंच, नाव का नाही सांगितलंस रे? एवढा मार कशापायी खाल्लास?

"पहिल्याच दिवशी सांगितलं, आई. तुझंच. म्हणूनच तर मारत होते."